तिचा मुलगा समुपदेशनाला जातोय. आपण तिच्यासाठी काय करायचं?

मंगळवारी सकाळची पहिली एसटी पकडून आम्ही तिघं कुडाळला जायचो. माझी शेजारीण, तिचा सोळा वर्षांचा मुलगा आणि मी. मुलगा पुढे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटा बसायचा, आम्ही दोघी मागे. दवाखान्यात त्याचं नाव पुकारलं की तो आत जायचा, दार लागायचं आणि ती बाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसायची. पिशवीत फाईल, पाण्याची बाटली, त्याच्यासाठी घावणे आणि चटणी. पाऊण तास. त्या पाऊण तासात मुलाशी बोलायला आत शिकलेलं माणूस होतं, तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. एकदा ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती, इतका घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं. मी काही न बोलता तो सोडवला. तेव्हा ती म्हणाली, "माजा काय चुकला गो?"

हा लेख त्या बाकावर शेजारी बसणाऱ्यांसाठी आहे. बहीण असेल, जाऊ असेल, मामा असेल, शाळेतली जुनी मैत्रीण असेल. ओळखीतल्या कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी मानसोपचारांसाठी जाऊ लागली आहे, आईबाप थकलेत, आणि आपण नेमकं काय करावं ते सुचत नाही, अशांसाठी. मुलावर उपचार करणारे आहेत, ते त्यांचं काम करतील. आपल्या वाट्याला आईबाप आहेत. आठवड्यातला पाऊण तास डॉक्टरचा, बाकी सगळे तास घराचे. घर ज्यांच्या जिवावर चाललंय ती माणसंच कोसळली, तर त्या पाऊण तासाचं काही टिकत नाही.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं देवगड तालुक्यात प्राथमिक शाळेवर होते. पुढे लिहिलंय ते या एका घरासोबत चालताना कळलेलं, आणि डॉक्टरांना विचारून पक्कं करून घेतलेलं. शेजारणीला विचारून, ओळख पटेल असं सगळं वगळून लिहिते आहे.

पहिल्यांदा सांगेल तेव्हा

मुलगा महिनाभर खोलीतून बाहेर येत नाही, रात्र रात्र जागतो, अकरावीचं कॉलेज सोडलं, काही बोललं की दार आपटतो, परवा भिंतीवर मूठ मारून हात सुजवून घेतला, असं ती मला पहिल्यांदा सांगायला आली, तेव्हा मी म्हटलं, "अगो, हे वयच असं. माझ्या थोरल्याने पण दहावीनंतर असंच केलं होतं. होईल सरळ." मला वाटलं मी धीर दिला. पुढे पंधरा दिवस ती माझ्या खळ्यात पाय ठेवायला आली नाही. नंतर कधीतरी तिनेच सांगितलं, की किती दिवस मनाशी जुळवून तिने तोंड उघडलं होतं आणि मी एका वाक्यात तिला परत पाठवलं.

तेव्हा "हे वयच असं" नको. "मोबाईल काढून घ्या", "तुम्हीच लाड केलेत", "आमच्या वेळी एक थोबाडीत बसली की सगळं ठीक व्हायचं", हेही नको. बोलणाऱ्याला तो सल्ला वाटतो, ऐकणारीला तो निकाल असतो. ती आधीच रात्रभर स्वतःवर खटला चालवून आलेली असते.

त्याऐवजी विचारा, "कधीपासून चाललंय?" आणि मग गप्प राहा. चहा ठेवा. मध्येच रडली तर रडू द्या, लगेच पदर पुढे करून थांबवू नका. शेवटी एवढं म्हणा, "डॉक्टरकडे नेलंस, चांगलं केलंस." हे वाक्य तिला त्या आठवड्यात दुसरं कोणीही म्हणालेलं नसतं.

थोडी माहिती मात्र आपल्याकडे हवी, कारण ती पुन्हा पुन्हा विचारेल की हे नुसतं वयाचं आहे की आजार आहे. विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, भावना उसळवणारा भाग त्याच्या आधीच जोमात असतो. झोपेचं घड्याळही या वयात पुढे सरकतं. रात्री दहाला त्यांना खरंच झोप येत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. म्हणजे थोडी दारं आपटणं वयाचं असतं. पण झोप, जेवण, अभ्यास आणि मित्र, सगळंच बिघडलंय आणि दोन आठवड्यांच्या वर तसंच चाललंय, तर ते तपासून घ्यायचंच. या वयातलं नैराश्य कित्येकदा रडण्यातून दिसत नाही, चिडण्यातून दिसतं. म्हणून घरात "माजलाय" म्हणतात आणि मुलगा आतून बुडत असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या अठराव्या वर्षाआधी सुरू होतात. तिच्या घरावर एकट्यावर काही आभाळ कोसळलेलं नाही.

कोणाकडे नेलंय ते समजून घ्या

वाडीत सगळ्यांनाच "डॉक्टर" म्हणतात, त्यातून गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस झालेला, पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो गोळ्या लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतो, चाचण्या घेतो, गोळ्या देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि ती विचारून घेण्यात काही गैर नाही. समुपदेशक ही पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून त्याचं शिक्षण काय, मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, हे पहिल्या भेटीत विचारायला तिला बळ द्या. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. तिच्या वतीने तुम्ही विचारा.

खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. सिंधुदुर्गाचं ओरोसला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे चौकशी करायची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांतून 'मैत्री' क्लिनिक चालतात, त्यांचाही उपयोग होतो. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, कणकवली-वैभववाडीकडचे घाट चढून कोल्हापूर गाठतात. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. "ह्येका रत्नागिरीक पाठवूक होया" ही शिवी ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. ते ऐकून ऐकूनच आईबाप तिकडचं नाव काढलं की कोमेजतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, माणसं सकाळी दाखवतात आणि संध्याकाळी घरी येतात, हे त्यांना स्पष्ट सांगा.

आणि १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये तुमच्या हाताने साठवून द्या. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. मुलासाठीच फोन करावा असं नाही. रात्री दोन वाजता तिला स्वतःला बोलावंसं वाटलं तरी ती करू शकते.

"काही लागलं तर सांग" म्हणू नका

कारण ती सांगणार नाही. कोकणातली बाई भाताची पेज पिऊन झोपेल, पण शेजारी जाऊन मागणार नाही. म्हणून काम आपणच ठरवायचं आणि नेमून घ्यायचं. मी मंगळवार घेतला. दुसरीने धाकट्या मुलीला शाळेतून आणायचं घेतलं. तिच्या दिराने म्हशीचं बघायचं घेतलं. चार माणसांनी एकेक गोष्ट पक्की धरली की घर चालतं. चाळीस माणसांनी "आम्ही आहोत" म्हटल्याने चुलीवर भात शिजत नाही.

दुसरं काम फाईलचं. एक शंभर पानी वही घ्या. रोज एक ओळ, जास्त नको: तारीख, किती वाजता झोपला, जेवला का, गोळी घेतली का, आणि दिवसात घडलेली एखादी गोष्ट. "आज धाकटीशी पाच मिनिटं बोलला." "आज आंघोळ केली नाही." डॉक्टरसमोर बसलं की आईला काहीच आठवत नाही, ती फक्त "काय समजत नाय हो" म्हणते. वही उघडली की डॉक्टरला महिना दिसतो. आमच्या वहीतूनच लक्षात आलं, की रविवारी रात्री त्याची झोप सगळ्यात वाईट असायची. सोमवार म्हणजे कॉलेज. कॉलेजात काहीतरी आहे हा धागा तिथून सापडला. वही मुलापासून लपवू नका. लपवली आणि सापडली तर पाळत ठेवता म्हणून तो बिथरेल. आईने त्याला सांगून लिहावी.

परतीच्या एसटीत मुलाला "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" असं कोणी विचारायचं नाही. हा नियम आम्ही तिसऱ्या आठवड्यात केला. त्याआधी दोनदा कसालपर्यंत भांडण झालं होतं. बोलून आलेलं पोर दमलेलं असतं. खायला द्या, खिडकी द्या.

बंद दाराआडचं

आईला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की मुलगा परक्या माणसाला सांगतो आणि मला नाही. "नऊ महिने पोटात मी वाढवलान, आणि सांगता तेका!" हा राग खरा आहे, त्याला हसू नका. पण तिला समजावून सांगायला हवं, की जे घरी सांगता येत नाही ते सांगण्यासाठीच ती खोली आहे. समुपदेशक मुलाचं बोलणं गुप्त ठेवतो. त्याला मर्यादा आहेत. मुलाच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला असेल, किंवा कोणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, तर तो पालकांना किंवा योग्य ठिकाणी सांगतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे, आपल्यावरसुद्धा.

आईने काय करायचं? समुपदेशकाला म्हणायचं, "त्याने काय सांगितलं ते नको सांगू. घरी मी काय बदलू ते सांग." या प्रश्नाला जवळजवळ नेहमी उत्तर मिळतं. आमच्याकडे आलं होतं, की जेवताना अभ्यासाचा विषय काढू नका. एवढंच. आठ दिवसांनी तो पानावर दहा मिनिटं जास्त बसू लागला.

समुपदेशकाशी मुलाचं जमत नसेल तर तीन-चार भेटींनंतर तसं मोकळेपणाने बोलावं, दुसरा शोधावा. पण पहिल्याच भेटीनंतर "जाणार नाही" म्हणाला म्हणून सोडू नये. पहिली भेट कोणालाच आवडत नाही.

गोळ्या

सगळ्यांना गोळ्या लागत नाहीत. लागल्या तर तिला चार गोष्टी माहीत हव्यात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून पाचव्या दिवशी "काय फरक नाही" म्हणून निराश होऊ नये. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलगा जास्त बेचैन झाला, झोप उडाली, मरणाचं बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरला फोन करायचा. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत; एकदम बंद केल्याने त्रास होतो, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि पाकीट मुलाच्या हाती द्यायचं नाही, आईने एका वेळची गोळी काढून द्यायची.

"गोळ्यांची सवय लागते", "पोरगा वेडा होतो", हे वाडीत दहा जण सांगतील. तुम्ही अकरावे होऊ नका.

बापाचं काय?

आपण सगळे आईच्या भोवती जमतो आणि बाप एकटा राहतो. या घरातला बाप पहिले चार महिने एकदाही दवाखान्यात आला नाही. "माज्या बापाशीन माका कधी डाक्तराकडे नेल्यान नाय, मी काय मेलंय?" असं म्हणायचा, आणि पहाट झाली की बागेत निघून जायचा. आम्ही बायका त्याच्यावर चिडून होतो. माझे यजमान मात्र एक दिवस त्याच्याबरोबर कलमांची आळी साफ करायला गेले. दोन तास खुरपी चालली, कोणी कोणाकडे बघितलं नाही, आणि मग तो खाली मान घालून म्हणाला, "माका भीती वाटता. तेच्या डोळ्यांत बघूक भीती वाटता."

आपल्याकडचा पुरुष समोर बसवून विचारलं तर बोलत नाही. शेजारी उभं राहून काम करताना बोलतो. म्हणून बापाची सोबत दुसऱ्या बापाने करावी, बागेत, होडीवर, गाडीच्या कॅबिनमध्ये. दर्यावर जाणाऱ्यांच्या घरात आणखी एक सोय आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बाप घरी असतो. आईवडील दोघांना एकत्र बोलवायची भेट त्या दोन महिन्यांत ठरवून घ्यावी. आंबेवाल्यांनी पावसाळा धरावा, मार्च ते मे नाव काढू नये. समुपदेशकाला हे आधीच सांगितलं तर तो त्याप्रमाणे तारखा लावतो.

बाप एकदा आला, पंधरा मिनिटं बसला, काही बोलला नाही. परतताना मुलाच्या शेजारच्या सीटवर बसला. त्या दिवसाची वहीतली ओळ एवढीच आहे.

देव, गाऱ्हाणं आणि चाकरमानी

कोणीतरी म्हणणारच, की बाहेरचं आहे, देवस्की बघून घ्या. इथे आईशी वाद घालू नका. ग्रामदेवतेसमोर गावकराने गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं, आणि तिला त्या रात्री झोप लागली, तर ती झोप हवीच आहे. आम्हीही गेलो होतो. मात्र दोन गोष्टींवर ठाम राहा. देवाला गाऱ्हाणं चालेल, गोळी आणि मंगळवार चुकणार नाही. आणि कोणी मुलाला मारून, कोंडून, धुरी देऊन भूत काढतो म्हणाला, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायची तयारी ठेवा. आईला तेव्हा आवाज फुटत नाही, तो आपला लागतो.

याहून कठीण असतात ते गणपती. मुंबईचे चाकरमानी येतात, घरात पंधरा माणसं, आणि प्रत्येक जण प्रेमानेच विचारतो, "काय रे, आता कितवीत?" आधीच ठरवून ठेवा की काय सांगायचं. आम्ही एकच वाक्य पाठ केलं होतं: "तब्येत बरी नव्हती, उपचार चालू आहेत, यंदा घरी आहे." पुढे कोणी खोदलं तर तेच वाक्य पुन्हा. मुलाला विचारून ठेवलं होतं, की आरतीला किती वेळ उभा राहशील. तो म्हणाला, पहिल्या आरतीपुरता. तेवढंच मान्य केलं. मी त्या दिवशी मोदक वळायला त्यांच्या घरी गेले ती मुद्दामच. मुंबईच्या आत्याबाईंनी विषय काढला की मी सारणाचं भांडं त्यांच्या पुढ्यात सरकवायची आणि त्यांच्या सुनेची खुशाली विचारायची. दोनदा केलं. तिसऱ्यांदा त्याच समजल्या आणि शेजारणीच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसल्या.

वाडीत बोलणं कमी कसं करायचं याचा दुसरा उपाय माझ्याकडे नाही. बचत गटात कोणी विचारलं तर मी म्हणायची, "त्यांचं त्या सांगतील." तुमच्या कानावर आलेलं तुमच्यापाशीच थांबलं, हे तिला कळलं की ती पुढचं सांगते.

शाळा

थोडक्यात सांगते. २०१२ साली कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात आपला विभाग पहिला येत राहिला आहे. अभिमान आहेच, पण ज्याचं पोर मागे राहिलं त्या घराला हा अभिमान दगडासारखा लागतो. वर्ष गेलं तर वाटा असतात, त्या तिला कागदावर लिहून द्या: पुरवणी परीक्षा, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी, आणि कॉलेजात न जाता खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं असेल तर १७ नंबरचा फॉर्म. वर्गशिक्षकांना भेटायला तिच्यासोबत जा आणि डॉक्टरचं पत्र न्या. आजाराचं नाव सांगायची गरज नाही.

जिवाची भीती वाटली तर

हा भाग दोनदा वाचा.

मुलगा "माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास" म्हणतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, हातावर जखमा दिसतात, किंवा फार दिवसांच्या तगमगीनंतर अचानक विचित्र शांत होतो. यातलं काही दिसलं तर सरळ विचारायचं: "तुझ्या मनात मरायचं येतं का?" विचारल्याने ते डोक्यात शिरेल ही भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं हलकी होतात. आईला विचारवत नसेल तर तिच्या देखत तुम्ही विचारा. "हो" म्हणाला तर ओरडू नका, रडू नका, शपथा घालू नका. "बरं झालं सांगितलंस, आता मी इथेच आहे" एवढं म्हणा आणि त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी उपचार करणाऱ्यांना कळवा. रात्र असेल तर १४४१६, तातडीचं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका. अठराच्या आतल्या मुलासाठी १०९८ ही चाइल्डलाइनही आहे. मुलाने तुम्हाला "कोणाला सांगू नको" म्हटलं तरी हे गुपित ठेवायचं नाही, आणि ठेवणार नाही असं त्याला तिथल्या तिथे सांगायचं.

आंबेवाल्यांच्या घरात आणखी एक काम आहे आणि ते धीर करून बोलायलाच हवं. बागेवर मारायची औषधं. ती मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, पडवीत, कुठेही पडलेली असतात. मोजून कुलपात घाला आणि किल्ली घराबाहेर द्या. घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध, तेही तसंच. जिवावर बेतणारी वेळ कित्येकदा थोडाच काळ टिकते, आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर मूल वाचतं. त्यांच्या मांगराची किल्ली आठ महिने माझ्या देव्हाऱ्याच्या खणात होती. फवारणीच्या दिवशी बाप येऊन न्यायचा आणि संध्याकाळी आणून द्यायचा. तो किल्ली ठेवताना काही बोलायचा नाही, मीही नाही.

काही पोटात गेल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला बसू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या आणि सरळ रुग्णालय गाठा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षेला नेत नाहीत.

मुलगा हात उचलतो, वस्तू फेकतो, असंही होतं, आणि आया ते कधीच सांगत नाहीत. आम्ही खूण ठरवली होती: तिचा एक मिस्ड कॉल आला की मी हळद मागायला जायची. दारात तिसरं माणूस दिसलं की ताण उतरायचा. अशा वेळी आईने धाकट्यांना घेऊन खोलीबाहेर पडावं, समजूत नंतर घालावी, आणि पुढच्या मंगळवारी समुपदेशकाला न लपवता सांगावं.

तिची स्वतःची गोळी

पाचव्या महिन्यात कळलं, की मुलाच्या गोळ्या वेळेवर देणारी ही बाई स्वतःची रक्तदाबाची गोळी तीन आठवडे घेत नव्हती. संपली होती, आणायला झालं नव्हतं. तेव्हापासून वहीत तिच्या नावाची एक रांग वाढवली: जेवली का, झोपली का, गोळी घेतली का. तुम्हीही ते विचारा, मुलाच्या आधी तिचं विचारा. तिला समुपदेशकाची वेगळी भेट हवी असेल तर मागता येते, हे बहुतेकींना माहीत नसतं. "माजा काय चुकला" हा प्रश्न त्या भेटीत न्यायचा. मी त्याचं उत्तर देऊ शकले नाही, तिथे बसून तिने आणि समुपदेशकाने ते हळूहळू सोडवलं.

किती दिवस लागतील, हेही ती विचारेल. बोलण्याच्या उपचारांत काही फरक दिसायला आठ-दहा-बारा भेटी लागू शकतात, कधी जास्त. चांगले तीन आठवडे जातात आणि चौथ्यात सगळं पहिल्यासारखं वाटतं. तेव्हा वही मागे उलटून तिला पहिलं पान दाखवा. सुधारल्यावर मंगळवार पंधरा दिवसांनी येऊ लागतो, मग महिन्याने. माणसं तेव्हा निवांत होतात आणि पांगतात. तुम्ही तेव्हाही आपला वार सोडू नका, दवाखाना नसला तरी त्या वेळी चहाला जा.

आणि मूल दिसलं की त्याच्याशी आजाराचं बोलू नका, कामाचं बोला. गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे पेट्या भरायला माणूस कमी होता, म्हणून मी त्याला बोलावलं, रोजाने, बाकीच्यांना देते तेवढ्याच पैशांनी. गवत अंथरून फळं आकाराप्रमाणे लावायची. त्याचा हात चांगला आहे, एकही फळ त्याने आपटलं नाही. तीन दिवस आला, चौथ्या दिवशी आला नाही, पाचव्या दिवशी पुन्हा आला. त्या चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई फोनवर माझी माफी मागत होती. मी तिला हजेरीच्या वहीतले तीन दिवस वाचून दाखवले आणि म्हटलं, पैसे घ्यायला त्यालाच पाठव, तू येऊ नको.